कॉरिबवरचा बिननावाचा खडक

फेस्टी मॅनियन चव्वेचाळीस वर्षं कॉरिब सरोवरावर पाहुण्यांना ट्राउट मासे धरायला नेत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याची होडी एकदाही खडकाला लागली नव्हती. ही गोष्ट साधी नाही. सरोवराच्या पोटात खडक अगणित, आणि गावची रीत अशी की, जो नावाडी ज्या खडकावर आपटेल त्याचंच नाव त्या खडकाला पडतं, ते कायमचं. गावातल्याच दुसऱ्या नावाड्याच्या, मॅटी फेहीच्या नावावर असे दोन होते.

"मॅटी, तू मेलास तर थडग्याचा दगड वेगळा नको," फेस्टी पबमध्ये चारचौघांत म्हणायचा. मॅटी दात-ओठ खायचा.

फेस्टीला खोली मोजायचं यंत्रबिंत लागत नसे. काठावरचं मर्फीचं पांढरं घर टेकडीवरच्या खिंडीच्या बरोबर खाली आलं, की पुढचं पाणी निर्धोक. एवढा हिशेब त्याला पुरे.

त्या मे महिन्यात मात्र सहा आठवडे पाऊस पडला नाही. पाणी हातभर उतरलं, काचेसारखं नितळ झालं, आणि उथळातले मासे कुठं गेले कळेना. बारा वर्षं न चुकता येणाऱ्या मिसेस क्विल्टी, लिमरिकच्या निवृत्त पोस्टमास्तरीण, चार दिवस रिकाम्या हातानं परतल्या.

"फेस्टी, मासे आहेत ना, की तेही सुट्टीवर गेलेत?"

"आहेत हो बाई. पाणी नितळ आहे, तुमची सावली बघून पळतात."

"मग तू उभा राहा. तुझी सावली बारीक."

पाचव्या दिवशी फेस्टीनं खोल पाण्याकडे होडी वळवली. पांढऱ्या भिंतीवर खिंड आली, त्यानं इंजिनाचा वेग वाढवला, आणि धाडकन होडी खडकावर चढून बसली. फेस्टीनं डोळे बारीक करून काठाकडे पाहिलं. ते घर नव्हतंच. मर्फीनं या वर्षी गोठ्यालाही चुना फासला होता.

"आपटलो का रे?"

"छे! जरा टेकलो."

त्यानं वल्हं उचललं, तशा बाई ओरडल्या, "हलू नकोस!"

खडकापलीकडे पाणी एकदम काळंशार, खोल होतं, आणि तिथं मासे वर येऊन पाण्यावरचे किडे टिपत होते. बाईंनी बसल्या जागेवरून गळाला लावलेली खोटी माशी अलगद टाकली. अर्ध्या तासात साडेपाच पौंडांची ट्राउट होडीत आली.

संध्याकाळी पबमध्ये मासा सगळ्यांनी हाताळला. मग मॅटीनं नेमकं विचारलं, "ही कुठं गळाला लागली?"

फेस्टीनं ग्लास तोंडाला लावला. बाईच बोलल्या, "एका खडकावर अडकलो होतो. इंजिन माझ्या हातात होतं, त्यामुळे खडक माझा."

सगळे फेस्टीकडे बघू लागले. खडकावर आपटणं वाईटच. पण पाहुण्याच्या हाती इंजिन देणारा नावाडी? त्याला तर तोंड दाखवायला जागा नाही.

"बाई, खोटं नका बोलू," फेस्टी म्हणाला. "हे इंजिन मी बायकोलासुद्धा धरू दिलं नाही. आपटलो तो मीच. त्या मर्फीच्या गोठ्याचं वाटोळं होवो!"

मॅटी हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला.

दुसऱ्या सकाळी फेस्टी बाईंना घेऊन पोचला, तेव्हा खडकाभोवती चार होड्या आधीच उभ्या. सगळ्यांत पुढे मॅटी.

"ये रे फेस्टी! तुझ्याच दारात आलोय, बसा तरी म्हण!"

बाईंनी गळ सरसावला. "फेस्टी, हाकल त्यांना. खडक कुणाचा आहे?"

फेस्टीनं घसा खाकरला. "माझा!" तो सरोवरभर ऐकू जाईल असा ओरडला.