खीर उरली की प्रकरण रद्द

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. आणि मधे कुणी बोलायचं नाही, कारण हे आठवलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. बघा, हा बघा हात!

तर, मी ऐतिहासिक कादंबरीकार. स्वतंत्र! म्हणजे प्रकाशक नाही, संपादक नाही. मुखपृष्ठ मीच करतो, प्रुफं मीच तपासतो आणि बायकोच्या मते वाचतोही मीच. पोटासाठी ऑकलंडला आयटीतली नोकरी. राहायला मात्र आम्ही पुकेकोहेला. इथली तांबडी माती, इथले कांदे-बटाटे आणि ती माती कसायला फार पूर्वी आलेली गुजराती माणसं. विषय अगदी दारात येऊन बसलेला! महायुद्धानंतरच्या पुकेकोहेतला एक कांदेवाला, अशी कादंबरी मी वर्षभर लिहीत होतो. इथल्या मराठी मंडळात प्रकाशनाचा दिवस ठरला होता आणि फाइल सर्वपित्रीनंतरच्या रविवारी छपाईला जायची होती.

नायकाचं नाव मला गावच्या जुन्या सेमेटरीत मिळालं. अस्थी ठेवलेल्या जागेवर एक राखाडी दगड होता. वर कुणा बाईचं नाव, खाली मगनभाई. जन्मसाल दिसत होतं, पुढचं सगळं शेवाळाखाली गेलेलं. जुन्या दगडावरचं शेवाळ खरवडायचं नसतं, एवढं मला संशोधक म्हणून ठाऊक होतं. मृत्यूचं साल काय, अंदाजानं टाकता येतं!

सगळं सुरळीत चाललं होतं. पण मगनभाईंच्या मृत्यूचं प्रकरण आलं आणि मगनभाई मरेचनात. मी त्यांना विहिरीशी नेलं की लॅपटॉप बंद. पुन्हा नेलं, घरातले दिवे गेले. तिसऱ्यांदा माझं बोट ड्रॉवरमध्ये सापडलं.

"अरे सुहास, त्या माणसाला विचारलंस का?" माझी बायको मेघना म्हणाली. "परक्याचं नाव उचलतोस, वर त्याला विहिरीत ढकलतोस!"

ती चेष्टा करत होती हो! पण मी गार पडलो. त्यात पितृपक्ष सुरू झालेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी पान केलं. वरण-भात, वडे, कारलं, खीर आणि डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेली फ्रोझन गवार. ऑफिसची ट्रेन पकडायच्या आधी सेमेटरीत गेलो. धुकं इतकं, की माझेच बूट मला दिसेनात. दगडापुढे ताट ठेवलं, हात जोडले आणि म्हणालो, "मगनभाई, तुमची परवानगी हवी आहे. नसेल तर खूण द्या."

आता इथं एक अडचण. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखा कावळा नाही. पानाला शिवणार कोण? म्हटलं, बघू, इथला तो काळा-पांढरा मॅगपाय तर मॅगपाय.

संध्याकाळी गेलो आणि जागच्या जागी थिजलो. ताट स्वच्छ धुऊन दगडावर पालथं घातलेलं. अजून ओलं. शेजारी खिरीची वाटी, तशीच भरलेली, वर कोबीचं पान नीट झाकलेलं. आणि ताटावर तीन कांदे. ताजे, मातीसकट.

सांगा, कुठला मॅगपाय भांडी घासतो?

घरी येऊन कांदे मी देवघरात ठेवले. मेघना किंचाळली, "पितृपक्षात देवघरात कांदे?"

"ते कांदे नाहीत. तो संकेत आहे!"

"मग संकेताची भजी करते."

तिला काय कळणार! मी रात्र होण्याआधीच अर्थ लावून टाकला. खीर का सोडली? खीर म्हणजे गोडवा, गोडवा म्हणजे शृंगार. मगनभाईंना माझ्या कादंबरीतली प्रेमकथा मान्य नव्हती. नायक-नायिकेच्या पहिल्या भेटीचं प्रकरण काढून टाकलं. खीर पुन्हा उरली. लग्नाचं प्रकरण काढलं. पुन्हा उरली, पुन्हा ते कोबीचं पान! कारलं उरलं की मी त्यांचा मृत्यू बदलायचो. विहिरीतून ट्रॅक्टरखाली, ट्रॅक्टरखालून तापात. रोज नवे कांदे येत होते आणि रोज माझं एक प्रकरण जात होतं.

शेवटी दगडावर हात ठेवून विचारलं, "सबंध नायिकाच काढू का?" त्या क्षणी वारा पडला. शपथेवर सांगतो, झाडाचं पानसुद्धा हललं नाही. मी घरी जाऊन नायिकेचा शब्दन्‌शब्द पुसला. दुसऱ्या दिवशीचं पान इतक्या धांदलीत केलं, की खिरीत साखर घालायची राहिली.

आणि त्या संध्याकाळी वाटी चाटूनपुसून साफ!

यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या इतिहासकाराला मिळालाय?

सर्वपित्री अमावास्येला शनिवार होता. ऑफिस नव्हतं, म्हणून पान नंतर सावकाश करायचं ठरवलं. मी भर सकाळी दगडापुढे बसलो आणि मगनभाईंना त्यांचा मृत्यू मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. धुकं हलायला तयार नव्हतं. ताप चढला, श्वास अडकला, मगनभाईंनी डोळे मिटले...

"आज थाली नहीं लाया?"

आवाज पाठीमागून आला. खोल, घोगरा. मान वळवली. धुक्यात एक म्हातारा उभा. गमबूट, लोकरीची टोपी, हातात काठी.

"क... कोण?"

त्यानं काठी उचलून दगडाला टेकवली. "ये नीचे वाला. मगनभाई."

ओल्या गवतात गुडघे टेकून मी हात जोडले. "काका, मैंने सब बदल दिया! लडकी को भी निकाल दिया! आपकी कौनसी इच्छा बाकी है?"

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "एक कप चाय."

त्यानं मला हात देऊन उठवलं. हात गरम होता. नखांत माती होती. मग खाली वाकून अंगठ्यानं त्यानं दगडावरचं शेवाळ पुसलं. खाली काहीच नव्हतं. कोरा, गुळगुळीत दगड.

"जमना गई, तब दोनों का नाम साथ में करवाया. मेरी तारीख का जगह खाली है. क्या जल्दी है?"

कुंपणापलीकडे त्याचं घर. नव्वदी ओलांडलेली, तरी परसात अजून कांदे लावतो आणि रोज दुपारी बायकोपाशी येऊन बसतो. आज माझं वाचन ऐकून सकाळीच आला होता. ताट दिसलं तेव्हा त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी जमनाची कुणाला तरी आठवण झाली. तिच्यासोबत जेवला. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून वर कांदे ठेवले.

"और खीर?" मी कसंबसं विचारलं.

"डायबिटीस, दीकरा. एक दिन बिना शक्कर की थी. हीप्स गुड, एकदम बढिया!"

माझ्या डोळ्यांपुढे पुसलेली पानं फिरायला लागली. मी त्याला कादंबरीबद्दल सगळं सांगून टाकलं. तीन-तीन मरणंही सांगितली. म्हातारा खो-खो हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "अच्छा, और किताब में जमना क्या करती है?"

मी हातातले कागद चाळू लागलो.

जमना नव्हतीच. पंधरा दिवस मी ज्या बाईच्या अस्थींवर ताट ठेवत होतो, तिचं नाव मी धड वाचलंही नव्हतं. माझी नायिका कुणी भलतीच होती आणि तीही आता गेली होती. मला इतकी लाज वाटली, की तो पुन्हा भूत झाला असता तर बरं, असं वाटलं.

मगनभाईंनी माझ्या हातातले कागद हलकेच घडी करून माझ्याच खिशात घातले.

"मेरे को बाद में मारना," ते म्हणाले. "पहले उसको ले आ."

फाइल रविवारी गेली नाही. प्रकाशन रद्द झालं, मंडळात अजून हसतात. आणि मी? जिवंत माणसाला पंधरा दिवसांत तीनदा मारणारा ऐतिहासिक कादंबरीकार, गेलेल्या बाईला एकदा परत आणायचं म्हणून दर शनिवारी मगनभाईंकडे वही घेऊन बसतो आणि अजून पहिल्याच पानावर आहे.