निघताना आलेली शिंक

ऑक्टोबर लागला की सीवूड्सच्या रस्त्यांवर सातवीण फुलते. लोक म्हणतात, काय घमघमाट सुटलाय! मी तेव्हा रुमाल शोधत असते. उठल्या उठल्या ज्या शिंका सुरू होतात, त्या चहा पिऊन झाला तरी थांबत नाहीत. माहेरी, साताऱ्याकडे, त्याचं कुणाला काही नव्हतं. लग्नानंतरचा पहिला ऑक्टोबर सीवूड्सला लागूनच्या करावे गावातल्या सासरी उजाडला आणि माझ्या शिंकांना अचानक महत्त्व आलं.

भाड्याने दिलेल्या खोल्यांवर घर नीट चालतं, तरी सासरे पहाटे खाडीवर जातातच. एकदा ते उंबऱ्यात असताना मी शिंकले. त्यांनी चप्पल काढली, खुर्चीत बसले, घोटभर पाणी प्यायले. उठले, तर मी पुन्हा शिंकले. ते पुन्हा बसले. असं करता करता ओहोटीची वेळ टळली आणि जाळं घरातच राहिलं. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते, भांडायला मी कमी नाही. पण गप्प बसणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

मग मी शिंका दाबायला लागले. ते बाहेर पडेपर्यंत मोरीत, तोंडात ओढणी कोंबून. कान दुखायला लागला तेव्हा नवऱ्याने मला ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई चांगल्याच तापल्या. म्हणाल्या, शिंक दाबलीत तर एखादे दिवशी कानाचा पडदा फाटेल. ही सर्दी नाही, अ‍ॅलर्जी आहे. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण आटोक्यात राहते. फुलोऱ्याच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा, धूळ झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. नाकातला स्प्रे रोज मारा, गुण यायला वेळ लागतो, मध्येच सोडू नका. नवऱ्याने हे सगळं जेवताना घरात सांगून टाकलं, मोरीतल्या ओढणीसकट. सासरे मान खाली घालून जेवत राहिले.

त्याच आठवड्यात नणंदेची सुपारी फोडायला मुलाकडे जायचं होतं. गाड्या दारात, सगळे नटूनथटून अंगणात. मी मुद्दाम मागे राहिले होते. नाकात हुळहुळायला लागलं तसा पदर तोंडावर दाबला, पण शिंक काही ऐकेना. गल्लीभर आवाज गेला.

"थांबा रं," चुलतसासरे म्हणाले, "सून शिंकली."

नणंदेचा चेहरा उतरला. हिचं लग्न फिसकटलं तर जन्मभर माझ्या नावाने खडे फोडतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, "मी राहते घरी. तुम्ही जाऊन या."

सासऱ्यांनी चप्पल काढली. ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. पाणी आलं, तसा त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला.

"पी, बाय. आनि कवरा शिंकायचा हाय तवरा शिंकून घे. दाबू नको."

"आरं, पन अपशकून..." चुलतसासरे म्हणाले.

"आमची सून हाय ती. तिच्या शिंकेला अपशकून म्हनायचा नाय. तिला सोडून आमी जानार नाय."

मग सगळं गणगोत भर उन्हात उभं राहिलं आणि मी त्यांच्यादेखत मनसोक्त शिंकले. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं अ‍ॅलर्जीचं किती, ते मलाच ठाऊक.