तानाबाईच्या हिरड्या

मी गौस कंपाउंडर. मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात एकवीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पण स्वतःच्या तोंडाला कधी आवर घातला नाही. त्या तोंडामुळे एका बाईचं काय गेलं, ते सांगतो.

तानाबाई चपलांची वेणी घालायची. चामड्याच्या बारीक पट्ट्यांचं, म्हणजे वाद्यांचं, एक टोक दातांत धरायचं आणि दोन्ही हातांनी विणत जायचं. बाकीच्या बायका टोक खिळ्याला अडकवत. ती म्हणायची, खिळ्याला ताण कळत नाही. नवरा केरबा गिऱ्हाइकाला आधी वेणी दाखवी, मग तळ. दरबारातली माणसंही तिच्या वेणीची चप्पल मागून घेत. घरात तिला मान होता तो एवढ्याच कामाचा.

आमच्या संस्थानाचे महाराज गादीवर बसून दहा-अकरा वर्षं झाली असतील, तेव्हा तिच्या हिरड्या सुजल्या. थुंकीतून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा आणि पुढचे दोन दात हलायला लागले. वैद्यबुवांनी ओसरीवरूनच, चार हात लांबून तोंड उघडायला लावलं आणि बाभळीच्या सालीच्या गुळण्या सांगितल्या. एका हकिमानं तुरटीचं मंजन दिलं. त्यानं सूज उतरे आणि आठवड्यात परत येई. मिश्री तर ती लहानपणापासून लावत होती. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड घासली की हिरडी बधिर व्हायची, रक्तही थांबायचं. तिला वाटे, खरं औषध हेच.

शेवटी ती आमच्याकडे आली. डॉक्टरसाहेबांनी तोंडात बोट घातलं तशी ती दचकली. वैद्यबुवांनंतर तिला त्याची अपेक्षाच नव्हती. साहेबांनी साफ सांगितलं. दातांच्या मुळाशी साचलेलं कीटण तीन खेपांत खरवडायचं, वर आयोडीन लावायचं, घरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या. मिश्री बंद आणि हिरडी धरेपर्यंत चामडं दातांत धरायचं नाही.

"एवढं केलंस तर दात टिकतील. नाहीतर दोन वर्षांत सगळे जातील," ते म्हणाले.

पहिली खेप झाली. आठ दिवसांनी ती दारात उभी राहिली, रडवेली.

"गौसभाऊ, दात जास्तच हलाय लागल्यात. भिंतीचा गिलावाच काढला की सायबानं. काल मिश्री लावली तवा कुठं बरं वाटलं."

खरवडल्यावर थोडे दिवस दात जास्त हलतात, मग हिरडी आवळते. हे मला ठाऊक होतं आणि सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली, साहेब आतून हाका मारतायत, आणि मिश्रीचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं.

"मग हितं कशाला आलीस?" मी म्हणालो. "जा, मिश्रीच लाव. दिवसातनं चार वेळा लाव."

तिनं मान डोलावली आणि गेली. मी पुढच्या माणसाची बाटली हातात घेतली.

त्यानंतर ती दिसली ती थेट दोन वर्षांनी, केरबाच्या तापाचं औषध न्यायला आली तेव्हा. गाल आत बसलेले, तोंडात समोर एकही दात नाही. चपलांच्या वेणीचं काम सुटलं होतं. खिळ्यावर केलेली तिची वेणी केरबानं दोनदा उसवली आणि तिसऱ्यांदा काम सुनेकडे दिलं. आता ती वाद्या भिजत घालते, एवढंच म्हणाली. हे सांगताना तिचे हात मांडीवर नुसते पडून होते.

मला राहवलं नाही. "अगं, मग परत का आली नाहीस?"

तिनं नवलानं माझ्याकडं बघितलं. "तुमीच औषध बदलून दिलं न्हवं? रोज चार येळ लावली की मिश्री. एक दिस चुकवला न्हाय. माझ्याच नशिबात न्हवतं, तुमचा काय दोष."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वेळा, हेच शब्द मी रोज शंभर माणसांना सांगत होतो. तिनं केरबाची बाटली पदरात घेतली, पण दारातून हलली नाही.

"मालकास्नी हे किती येळ द्यायचं," ती म्हणाली, "तेवढं सांगा."