उद्यानातला अंधार

त्या हिवाळ्यात मृग नक्षत्र पाहताना मला एका हाताने दुर्बीण आणि दुसऱ्या हाताने नाकावरचा पदर धरावा लागत असे. हे लिहितानाही संकोच वाटतो. पण आकाशदर्शनाविषयी लिहायचे आणि तो वास वगळायचा, हा खोटेपणा होईल.

कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी आकाश पाहायला शिकू लागले. आम्ही पाच जण होतो. आमचे म्होरके गावातले एक डॉक्टर. ते वयाने माझ्याहून लहान, तरी त्यांच्यासमोर मी शाळकरी मुलीसारखी गप्प असे. रोहिणी समजून भलताच तारा दाखवला तर काय, या भीतीने मी सहसा बोटच वर करत नसे.

गावाबाहेर, साखर कारखान्याच्या वाटेवर, नगरपंचायतीचे उद्यान अर्धवट पडून होते. घसरगुंडी आली होती, बाके आली होती, वीज आली नव्हती. परळीच्या बाजूला क्षितिजावर तांबूस उजेड तेवढा दिसे. बाकी मिट्ट काळोख. डिसेंबर लागल्यापासून दर शनिवारी दिवस मावळला की आम्ही तिथे जात होतो.

घाण मात्र शब्दांत मावणारी नव्हती. बाकांमागे, घसरगुंडीखाली, शोभेच्या झुडपांच्या आळ्यांत, जिथे म्हणून आडोसा होता तिथे माणसांची विष्ठा. पहिल्याच संध्याकाळी मी अंधारात सतरंजी अंथरली आणि तिच्यावर हात टेकला. ती सतरंजी मी घरी नेली नाही. त्या रात्री जेवणही गेले नाही.

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर आला की तो सराव वाया जातो. म्हणून आमच्या टॉर्चला लाल कागद गुंडाळलेला असे. रस्त्यावर कुणी गाडी उभी केली, की डॉक्टर खणखणीत आवाजात ओरडत, "ए, लाइट बंद कर!" माझ्याने तसे कधी ओरडवले नसते.

उद्यानाच्या कडेला, बुटक्या भिंतीपाशी, सात-आठ बायका नेहमी उभ्या दिसत. पलीकडच्या रानात ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या होत्या, तिथल्या त्या. डॉक्टर त्यांना प्रेमाने बोलावत, "या की मावशी! गुरूचे चंद्र दाखवतो." एकीनेही कधी पाऊल पुढे टाकले नाही.

"बघा बाई," डॉक्टर मला म्हणत, "ब्रह्मांड फुकट दाखवतोय, अन् ह्यांना कुतूहल म्हणून नाही."

मी मान डोलवत असे.

नगरपंचायतीला अर्ज द्यायचे ठरले, तेव्हा तो लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. आयुष्यभर मराठी शिकवल्याचा काहीतरी उपयोग व्हावा, असे मलाही वाटले. उद्यानास तारेचे कुंपण घालावे, फाटकास कुलूप लावावे आणि सायंकाळी पहारेकरी नेमावा, अशी विनंती मी सुबक अक्षरात केली. घाणीच्या वर्णनाला एक संपूर्ण परिच्छेद दिला.

"वा बाई! नुसतं वाचूनच वास येतो," डॉक्टर म्हणाले. शनिवारी सगळ्यांनी सह्या केल्या. सोमवारी ते अर्ज देणार होते.

त्याच शनिवारी चहाचा थर्मास आणायला मी रस्त्यावरच्या गाडीपाशी गेले. भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायकांपैकी एक पुढे आली. माझ्याच वयाची असेल. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली.

"बाई, तुमचं कवा उरकतंय?"

मला कळलेच नाही.

"तुमी उठल्याबगर आमी कुठं जावं? दिवसा मानसं असत्यात. रोडच्या कडंला बसावं तर गाड्याचा उजेड पडतो, सारखं उठावं लागतं. ही सून बघा माझी, पोटात कळा यायल्यात तिच्या." मागे एक तरुण बाई भिंतीला धरून वाकली होती. "का म्हून बसता इतका टाइम? वर काय हाय?"

"तारे," मी म्हणाले.

"ते तर आमच्या कोपीतून बी दिसत्यात."

"अगं, शिकल्याली मानसं हायत ती," मागून कुणी म्हणाले, "त्यास्नी जवळून बघावं लागतं." त्या हसल्या. वाकलेली मात्र हसली नाही.

मी परत गेले आणि मला थंडी वाजते आहे असे सांगितले. त्यामुळे आम्ही अर्धा तास लवकर उठलो. माझी हिंमत एवढीच. रविवारी डॉक्टरांना फोन केला, "अर्ज" हा शब्द ओठांवर आणला, मग दुर्बिणीची काच कशाने पुसावी ते विचारून फोन ठेवला.

सोमवारी अर्ज गेला. डॉक्टरांचा शब्द पुढाऱ्यांकडे चालतो. जानेवारी सरायच्या आत कुंपण झाले, कुलूप लागले, आतली जमीन खरवडून साफ झाली आणि एक चावी आमच्याकडे आली. मृगातला तो धुरकट तेजोमेघ मी पहिल्यांदाच पदर खाली सोडून पाहिला. हवेला कसलाही वास नव्हता. मला स्वतःची इतकी शिसारी आली, की दुर्बीण शेजारच्याकडे देऊन मी बाजूला जाऊन बसले.

त्या दिवशी डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही दोघे परतत होतो. वळणावर दिव्यांचा झोत रस्त्याच्या कडेला पडला आणि ओळीने बसलेल्या बायका एकदम उभ्या राहिल्या. पाठी आमच्याकडे, पदर डोक्यावरून तोंडावर ओढलेले.

"शी! काय लोक आहेत," डॉक्टर म्हणाले.

"लाइट बंद करा."

"काय?"

"गाडी कडेला घ्या आणि लाइट बंद करा, डॉक्टर."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, गाडी कडेला घेतली आणि दिवे मालवले. हळूहळू डोळे सरावले. त्या खाली बसल्या असाव्यात, कारण आकृत्या दिसेनाशा झाल्या. तो अर्ज कुणी लिहिला होता याची मी त्यांना आठवण करून देणार होते, एवढ्यात मागून उसाचा ट्रक आला, आणि त्याच्या उजेडात त्या सगळ्या पुन्हा उभ्या राहिल्या.