धायरीचे दोन तुकडे

सहा महिन्यांत कंपनीने कायम केलं नाही तर वर्ध्याला परत यायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. मुदत संपत आली होती आणि खराडीच्या ऑफिसात मी केलेला नकाशा काही केल्या उघडत नव्हता.

पुण्यात कुठून कुठून बसथांबा पायी गाठता येतो, ते नकाशात रंगवायचं होतं. प्रत्येक थांब्याभोवती वर्तुळ काढायचं आणि एका भागातली वर्तुळं जोडून आकार करायचा. नकाशा उघडायला घेतला की हे गणित दर वेळी पहिल्यापासून चाले आणि संपता संपत नसे. आमचे टीम लीड पक्के पुणेरी. म्हणाले, "अहो, उद्या क्लायंट येतायत. त्यांना मुक्कामाच्या तयारीने बोलवू का?"

मी भडकलेच, पण त्या रागातच डोकं चाललं. थांबे काही रोज जागा बदलत नाहीत. पोळ्यांसाठी रोज कोण गिरणीत जातं? एकदा दळून डबा भरून ठेवतात. मी डेटाबेसमध्ये नवं टेबल केलं आणि हे गणित करणाऱ्या क्वेरीतून निघालेले आकार थेट त्यात भरायला घेतले. डेटाबेसने साफ नकार दिला.

घोडं अडलं होतं धायरीपाशी. तिथला आकार दोन तुकड्यांत आला होता आणि माझ्या टेबलात एकसंध आकारच बसत होता.

"मोठा ठेवा, छोटा उडवा," लीड म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय. मी त्या छोट्या तुकड्यात राहते!"

मधल्या पट्ट्यात थांबा नाही, हे मोठ्या तुकड्यात राहणाऱ्या मैत्रिणीकडे पायपीट करून मला पाठ झालं होतं. आकार बरोबर होता, चुकलं होतं टेबल. एका भागाचे कितीही तुकडे मावतील असा रकाना केला आणि क्वेरी पुन्हा चालवली. सगळं पुणे एका दमात आत गेलं.

दुसऱ्या दिवशी क्लायंटने क्लिक केलं आणि नकाशा क्षणात समोर आला. धायरीवर बोट ठेवून ते म्हणाले, "बरोबर. मध्ये बस नाहीच."

"बाईंचा हट्ट," लीड म्हणाले. "आता कायमच सहन करायचा आहे आम्हाला."

मी जिन्यात धावत जाऊन घरी फोन लावला. कायम झाल्याचं वडिलांना सांगून टाकलं.

"मंग तू नको येऊ," ते म्हणाले. "आम्हीच येतो तुले पाहाले."