रक्ताच्या थेंबाला भिणारी जिजी

माझी मोठी बहीण जिजी एकाच गोष्टीला भ्यायची, रक्त काढून देण्याला. सुरतला बमरोलीच्या चाळीत दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला मनगटाला धरून तिने त्याच्या घरात नेऊन बसवलेलं मी पाहिलं आहे. पण तपासणीचं शिबिर आलं की ती घराला कुलूप लावून डिंडोलीला माझ्याकडे निघून यायची. “रगत काय नळनं पानी शे का रे भाऊ?” असं मलाच विचारायची. गेलेलं रक्त पुन्हा भरत नाही, असा तिचा पक्का समज होता.

भाऊजी पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होते. ड्यूटीवरून येताना मोटारसायकलवरून पडले, डोक्यात रक्ताची गाठ झाली, ऑपरेशन झालं. ते आयसीयूत बेशुद्ध आणि आम्ही दाराबाहेरच्या बाकावर. वॉचमन “सगा कोण छे?” असं ओरडून नातेवाइकांना बोलावू लागला की सगळं बाक एकदम उभं राहायचं. मी धावत दाराशी जायचो. जिजी उठण्याआधी पदर सारखा करायची. काय ऐकायचं असेल ते नीट उभं राहून ऐकावं, म्हणायची.

मग भाऊजींना ताप आला आणि रोज तपासणीला रक्त जाऊ लागलं. जिजी सिस्टरला अडवून, आज थोडं कमी घ्या, अशी विनवणी करायची. सिस्टर हसून म्हणायची, मासी, चमचाभर तर घेते. जिजीला ते पटायचं नाही. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला तो या चमच्यांनीच, असं ती मला हळूच सांगायची.

मला मात्र त्याच रक्ताचा आधार होता. मी हिशेबाचा माणूस. जंतूंचा संसर्ग वाढला की रक्तातले दोन आकडे वाढतात, एक सीआरपी आणि दुसरा प्रोकॅल्सिटोनिन, एवढं मी डॉक्टरांकडून समजून घेतलं होतं. आकडे चढले तेव्हा मला जेवण गेलं नाही. छातीच्या फोटोत डाग दिसला, औषध सुरू झालं, आकडे उतरले. मी गावी फोन करून सांगितलं, धोका टळला.

डॉक्टर मात्र खूश नव्हते. आकडे उतरले तरी भाऊजी डोळे उघडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, “रक्त छातीचं सांगतंय. मेंदूत जंतू लपले असतील तर रक्तात ते दिसतीलच असं नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढून बघावं लागेल.” माझ्या हातातला रिपोर्ट एकदम कोरा झाल्यासारखा वाटला.

भाऊजींचा धाकटा भाऊ सुकलाल तिथेच अडला. सही करायची नाही म्हणाला. त्यांच्या गल्लीतल्या एकाचं पाठीचं पाणी काढलं होतं, तो पुन्हा उठलाच नाही. आमच्याकडे ही गोष्ट घरोघरी सांगतात. मीही पेन उचललं नाही, कारण मीही ती ऐकत मोठा झालो होतो.

जिजीने सुकलालला विचारलं, “पानी काढाना पहिले तो उठी बसे का?”

तो म्हणाला, नाही, त्याला खाटेवर घालूनच दवाखान्यात नेलं होतं.

“मंग सुईनी काय कयं?”

सुईचा काय दोष, म्हणत तिने सही केली. खाली कागद मी दाबून धरला. सुई टोचेपर्यंत ती दाराला कपाळ टेकून उभी होती. पाणी गढूळ निघालं, म्हणजे जंतू मेंदूत होते. औषध बदललं. पुढचे दिवस आम्ही कसे काढले, ते लिहिता येत नाही.

भाऊजी वाचले. पण डोळे उघडले ते आयसीयूतल्या सिस्टरांसमोर, आणि बायकोची ओळख काही परत आली नाही. सिस्टरांना म्हणायचे तसं ते जिजीलाही ‘बेन’, म्हणजे बहीण, म्हणू लागले. गावी शेजारपाजार मदतीला असतो म्हणून तिने सुरत सोडायचं ठरवलं. उधन्याच्या स्टेशनवर मी गाडीत सामान चढवून दिलं. पुन्हा ताप आला तर एक तासही थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जिजी खिडकीशी बसली होती, एक हात भाऊजींच्या कपाळावर.

“बेन, पाणी,” भाऊजी म्हणाले.

मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. जिजीने बाटलीचं झाकण काढलं.

“बेन म्हनस माले,” ती म्हणाली. “म्हनू दे. हाक ते मारस ना.”

गाडी हलली. ती माझ्याकडे बघत होती, पण हात काही तिने कपाळावरून काढला नाही.