हातखंब्याचे तीन दगड

मांजरांचं नाव काढू नका माझ्यापुढे. चाळीस वर्षं गाडी हाकली, मारके बैल सांभाळले, एकदा माहेर सुटलेली नवरी नेली, तीही वाटभर रडत होती. पण त्या दोन मांजरांनी जसा छळला तसा मला कुणी छळला नाही. आणि हे सगळं सावित्रीवहिनींपायी.

वहिनी म्हणजे हरिश्चंद्र डॉक्टरांची बायको. लोक आपले त्यांना डॉक्टर म्हणायचे, काम पोरांना देवी टोचायचं. पाऊस संपला की सरकारी हुकमाने गावोगाव फिरायचं ते थेट मिरगापर्यंत. छपराची गाडी माझी, बैल माझे. आत गवताची गादी, वळकटी, कंदील, औषधांची पेटी. सात महिने तेच घर.

सन एकतीसला वहिनीही आमच्याबरोबर निघाल्या. त्या पावसाळ्यात त्यांची एकुलती एक विमला तापाने गेली होती. सहा वर्षांची पोर हो! त्यानंतर रत्नागिरीच्या त्या घरात चूल पेटवायला वहिनींचा हात होईना. जेवण शेजारच्या यमुनाबाईंकडून यायचं आणि झाकलेलं तसंच राहायचं. बोलायच्या त्या फक्त विमलाच्या दोन मांजरांशी. पेढा नि सुकटी, नावं पोरीनेच ठेवलेली. डॉक्टरांनी ठरवलं, हिला या घरात ठेवायची नाही. वहिनी म्हणाल्या, "मांजरं येतील तर मी येईन."

"बरं," डॉक्टर म्हणाले, "पण आठ दिवस बघेन. गाडीत रुळली तर ठीक, नाहीतर तुम्हा तिघांनाही परत घरी पोचवणार. तिकडे गावं खोळंबतात, मी मांजरं शोधत फिरू काय?"

वहिनींनी मेहनत फार घेतली, खोटं कशाला बोलू. निघायच्या आधी आठवडाभर गाडी अंगणात उभी. मांजरांचं दोन्ही वेळचं जेवण गाडीतच. बाहेर एक शीत मिळायचं नाही. मग बैल जोडून नुसतं गल्लीच्या टोकापर्यंत नि परत. करंडीत विमलाचा जुना परकर अंथरला, म्हणजे वास ओळखीचा. तरी चाक हललं की सुकटी असा गळा काढी, की रस्त्यावरची माणसं मी कुणाचा तरी जीव घेतोय अशी माझ्याकडे बघत. पेढा गप्प असायचा, पण माझ्या घोंगडीवर मुतायचा. माझ्याच! डॉक्टरांची वळकटी शेजारी होती, पण नाही. "धाकूभाऊ, त्याला तुमचा लळा लागलाय," वहिनी म्हणत. लळा कसला मेल्याचा!

पहिला मुक्काम हातखंब्याला. वहिनींनी तीन दगड मांडून चूल केली आणि मांजरं सोडायला घाबरत बसल्या. तेव्हा मला दुर्बुद्धी सुचली. आमच्याकडे नवं मांजर आणलं की त्याला चुलीभोवती तीनदा फिरवतात, मग ते घर सोडत नाही. मीच शहाणा पुढे होऊन ते सांगितलं. वहिनींनी एकेकाला उचलून तीन तीन फेरे घातले. आणि काय सांगू, मांजरं गुमान राखेशेजारी अंग टाकून झोपली. मी मिशीला पीळ भरला.

सकाळी निघालो तर दोघं चुलीपासून हलेनात. कशीबशी करंडीत कोंबली, हाताला ओरखडे माझ्या. निवळीला पोचून झाकण उघडलं मात्र, दोघंही आल्या वाटेने पसार! डॉक्टर पोरांचे दंड धरून बसलेले, आणि मी नि वहिनी उलट्या पावली हातखंब्याला. उन्हात घाम गाळत पोचलो, तर दोघं त्या गार चुलीत बसलेली, राखेने माखून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मांजरांनी चुलीला घर मानलं होतं आणि चूल आम्ही मागे टाकून गेलो होतो. सांगणारा मी!

निवळीला परत आलो तोवर डॉक्टर संतापलेले. "झालं! उद्या घरी," एवढंच म्हणाले. वहिनींनी परकराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या घराच्या नावाने त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला माझाच इतका राग आला म्हणता! बैल सोडलेले पुन्हा जोडले, एकटा हातखंब्याला गेलो, ते तिन्ही काळेकुट्ट दगड गाडीत घातले नि आणून दाणकन वहिनींपुढे टाकले. "घ्या! घर बरोबर घेऊन चला! मरू देत माझे बैल!"

वहिनींनी चूल मांडली. मांजरं येऊन बसली. ते बघून डॉक्टरांनी घरी पोचवायची गोष्ट सोडून दिली.

मग काय, निवळी, संगमेश्वर, पार आतली खेडी, जाऊ तिथं दगड बरोबर. चढ आला की मी दगडांना शिव्या देई, उतार आला की मांजरांना. लोक हसायचे. कोकणात दगड कमी पडले काय रे धाकू, म्हणायचे. पण सकाळी दगड गाडीत चढवले की मांजरं आपसूक मागून चढत. वहिनी दोन वेळा रांधायला लागल्या. एकदा तर आमटीत माझ्या हातून मीठ जास्त पडलं म्हणून मला रागावल्या.

मिरगाच्या तोंडावर रत्नागिरीला परतलो. ओट्यावर दगड उतरवून मी म्हटलं, "सुटलो एकदाचा!" वहिनी उंबऱ्याबाहेर उभ्याच. बराच वेळ उभ्या. मग एक दगड स्वतः उचलून आत गेल्या. उरलेले दोन मी नेले. स्वयंपाकघरात थंड चुलीशेजारी त्यांनी ते मांडले. पेढा नि सुकटी मागोमाग आली.

वहिनींनी दोघांना काखेत घेतलं आणि फेरे घालू लागल्या. एक. दोन.

"अहो वहिनी," मी करवादलो, "त्यांना हातखंब्यालाच फिरवलंय ना! पुन्हा कशाला?"

"त्यांना नाही, धाकूभाऊ," वहिनी म्हणाल्या. "मला."

तिसरा फेरा पुरा करून त्यांनी काडी ओढली. मी तोंड फिरवून गोठ्यात गेलो आणि उगाच बैलांना शिव्या घातल्या.